फ्यूजच्या जागी तार पिळणाऱ्यांनो

गप्प बसा आणि टेबलावर काय ठेवलंय ते आधी नीट बघा. हा तुम्ही धडगावकडच्या पाड्यावर बसवलेला 850 व्हीएचा इन्व्हर्टर. हीट-सिंकवरच्या मॉसफेटपैकी दोन फुटलेत. शेजारी त्याची पॉझिटिव्ह केबल आहे. तिला हात लावा. इन्सुलेशन वितळून तिला कुडाच्या काड्या चिकटल्यात, कारण ती तुम्ही थेट कुडाच्या भिंतीवरून नेली होती. घरधन्याने कोयत्याने केबल तोडली, म्हणून घर वाचलं. त्यात तुमचं कर्तृत्व काहीही नाही.

मशीन हलकं निघालं, असं मला ऐकवू नका. हे फ्यूज होल्डर उघडा. आत 80 अँपिअरचा फ्यूज हवा होता. तिथे सर्व्हिस वायरच्या तांब्याच्या तारांचा पीळ आहे. हा पीळ कोणाच्या हातचा आहे ते मला माहीत आहे. ‘तात्पुरतं केलं होतं सर’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. आपल्या धंद्यात तात्पुरतं केलेलंच वर्षानुवर्षं तसंच राहतं.

आता हिशेब करा, जो तुम्ही तिथे केला नाहीत. 850 व्हीए, पॉवर फॅक्टर 0.8, म्हणजे 680 वॉट. दोन पंखे, चार एलईडी आणि टीव्ही मिळून पावणेतीनशे वॉटच्या आसपास. इथवर ठीक होतं. मग घरच्यांनी विचारलं, अर्ध्या एचपीचा पंप चालेल का? नेमप्लेट न बघता तुम्ही ‘चालेल’ म्हणालात. पंपाच्या शाफ्टवर मिळतात 373 वॉट, पण एवढी छोटी मोटर आत साडेपाचशे-सहाशे वॉट सहज घेते. आणि सुरू होताना ती चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. एवढा झटका 850 व्हीएचं मशीन कुठून पेलणार?

त्याने पेललाही नाही. ते ट्रिप झालं, बझर वाजला, फ्यूज उडाला. म्हणजे मशीन आणि फ्यूज दोघांनीही आपापलं काम चोख केलं. चुकलात फक्त तुम्ही. ओव्हरलोडचा इशारा आल्यावर लोड कमी करायचा असतो. तुम्ही बझरची तार कापलीत आणि फ्यूजला तांब्याने बांधून टाकलंत. लोकांचे सारखे फोन येत होते म्हणे! फोन बंद व्हावेत म्हणून तुम्ही त्या घरातल्या पोराबाळांचा जीव टांगणीला लावलात.

पुढे काय झालं ते कोण सांगेल? कोणी नाही? मग ऐका. मॉसफेट जळतो तेव्हा बहुतेक वेळा तो तुटत नाही, शॉर्ट होतो. म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सरळ वाट उघडते. 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी अशा वेळी हजारभर अँपिअर ओतू शकते. त्या क्षणी वायर आणि आग यांच्यात एकच गोष्ट उभी असते, ती म्हणजे फ्यूज. तीच तुम्ही काढून घेतली होती.

दुसरी चूक सोलर पॅनेलच्या बाजूला. तिथे घरच्या वायरिंगची एसी एमसीबी लावलीत. 50 हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही. कॉन्टॅक्ट उघडले तरी आर्क जळत राहतो. डीसीला डीसीचीच एमसीबी लागते. हे मी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं आणि तुम्ही वहीत उतरवूनही घेतलं होतं.

गावात महावितरणची लाइन असती तर एका घराचा इन्व्हर्टर गेल्याने फार बिघडलं नसतं. त्या पाड्यावर लाइन नाही. इन्व्हर्टर गेला की पंखा, दिवा, मोबाइल, सगळं जातं, आणि तो डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत यावं लागतं. म्हणून तिथलं काम शहरातल्यापेक्षा जास्त चोख हवं. तिथे कोण बघतंय, हा विचार ज्याच्या मनात येतो त्याने पक्कड खाली ठेवावी आणि दुसरा धंदा शोधावा.

उद्या सकाळी सगळे तिथे जाणार. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत, योग्य रेटिंगचा फ्यूज बसेल. केबल जाड येईल, पाइपमधून जाईल आणि लग क्रिम्प केलेले असतील. बॅटरी उतरून 10.5 व्होल्टवर आली की तेच 680 वॉट द्यायला, मशीनमधली तूट धरून, 76 अँपिअर लागतात. ढिला लग तेवढ्यावर तापतो. पॅनेलला डीसी एमसीबी लागेल. पंप या इन्व्हर्टरवर चालणार नाही, हे घरच्यांना तुम्ही स्वतः, तोंडावर सांगायचं. काय चालेल आणि काय नाही, ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं. नवीन इन्व्हर्टरचे पैसे तुमच्या खिशातून जातील. आणि निघण्याआधी प्रत्येकाने लोडचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहून मला दाखवायचा. ज्याचा चुकेल, तो त्या घरातल्या एकाही वायरला हात लावणार नाही.