पाठीचा कोन आणि माणसाचा शब्द

१९४८ साली अमेरिकी डॉक्टर जॉन कॉब यांनी एक्स-रेवर पाठीच्या कण्याचा कोन मोजायची रीत घालून दिली. आज तुमच्या खिशातला मोबाइलही असा कोन सांगतो. आतला सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. फिजिओथेरपिस्ट फोन आधी मानेच्या बुडाशी टेकवतात, मग बरगड्या संपतात तिथे. दोन्ही ठिकाणच्या कलांवरून पाठीचा बाक अंदाजे कळतो. ना एक्स-रे, ना खर्च. सोय मोठीच आहे.

आता सोहार औद्योगिक वसाहतीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या एखाद्या वेल्डरचा विचार करा. तो म्हणतो, पाठ दुखते. फोन म्हणतो, बाक ठीक आहे. तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल?

आकडा खोटं बोलत नाही, असं आपण चटकन म्हणतो. पण फोन बोटभर वरखाली टेकला तरी आकडा बदलतो. शिवाय तो बाक सांगतो. दुखणं सांगत नाही. बाक आलेली कित्येक माणसं विनातक्रार जगतात, आणि सरळ पाठही रात्रभर ठणकते. त्यातून ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, त्याचा आकडा साहेबाच्या हाती गेला, तर उपचारासाठी घेतलेलं माप त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतं.

म्हणून मोजावं जरूर, पण त्याच्या आजच्या पाठीची तुलना त्याच्याच महिन्यापूर्वीच्या पाठीशी करावी, आणि आकडा आधी त्यालाच सांगावा. फोन टेकवण्यापूर्वी ‘काय होतंय?’ हे विचारायचं मात्र राहू नये.