तल्लीनता आणि योग

कामात मन इतके रमावे की भूक, तहान, वेळ यांचे भान राहू नये, आणि काम मात्र नेहमीपेक्षा निर्दोष व्हावे, हा अनुभव बहुतेकांनी केव्हा ना केव्हा घेतलेला असतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, शल्यवैद्य अशांना विचारून या अवस्थेचा अभ्यास केला आणि १९९० साली ‘फ्लो’ या ग्रंथात तो सर्वांपुढे ठेवला. ध्येय स्पष्ट असावे, हातून काय घडत आहे ते तत्काळ कळावे, कामाची कठीणता आपल्या शक्तीला तोलून असावी. मग ‘मी करीत आहे’ ही जाणीवही विरते. उपाय खरा आहे. गृहस्थाने तो अवश्य वापरावा.

परंतु हीच अवस्था म्हणजे गीतेतील कर्मयोग, असे हल्ली सर्रास सांगतात आणि दुसऱ्या अध्यायातील पन्नासाव्या श्लोकाचा आधार देतात. भाषांतर करणारास येथे थांबावे लागते. त्या चरणात क्रियापद नाही. योग आणि कौशल ही पदे तेवढी आहेत; उद्देश्य कोणते व विधेय कोणते, हे वाचणाराने ठरवावयाचे. ‘कौशल्याने केलेले कोणतेही कर्म हाच योग’ असा अन्वय लावला, तर बंगळूरच्या शिवाजीनगरातील रसेल मार्केटच्या गर्दीत दोन बोटांनी पाकीट उचलणाराही योगी ठरेल! एकाग्रता, हस्तलाघव, तत्काळ फलबोध, काय कमी आहे त्याच्या ठायी? म्हणून शंकराचार्य अठ्ठेचाळिसाव्या श्लोकातील समत्व येथे आणतात. कर्म स्वभावतः बांधणारे. समबुद्धीने तेच बांधेनासे होते, हे कौशल. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त कर्मसंन्यासावरून आचार्यांशी उभा वाद घातला, तरी ही युक्ती बुद्धीची, केवळ हाताची नव्हे, हे त्यांनाही मान्यच आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात बाण घडविणारा एक कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी गेली, तरी त्याला कळले नाही. शिवाजीनगरात ८ सप्टेंबरला सेंट मेरी बॅसिलिकेचा रथ निघतो, रस्ते माणसांनी फुलून जातात. त्या गजबजाटात एखादा मेकॅनिक मान वर न करता इंजिन जुळवीत बसला असेल, तर तो त्या इषुकाराच्याच कुळातला. अवधूताने त्याला गुरू केले, पण एकाग्रतेपुरते. बाण कोणाच्या छातीत जाणार, हा हिशेब तल्लीनतेत येत नाही. ही शक्ती विधायक तशीच विघातकही होऊ शकते, असे चिक्सेंटमिहाय यांनीही म्हटले आहे.

शिवाय काम हातचे गेले तर? फेब्रुवारी २०१२ मध्ये रसेल मार्केटला आग लागून शंभराहून अधिक दुकाने जळाली. राखेपुढे उभ्या असलेल्या दुकानदारास रंगून जाण्यासारखे काय उरले होते? तेथे बुद्धीच स्थिर असावी लागते.

आणि एवढे मोठे संकट तरी कशाला हवे? नामात रंगून चिखल तुडविताना गोरोबाकाकांच्या पायाखाली मूल आले, ही कथा आपण भक्तीने ऐकतो. विठ्ठलाने ते मूल परत दिले. तेरच्या त्या कुंभाराची योग्यता आपली नाही. तेव्हा संगणकापुढे रंगलेल्या बापाने दारातून हाक येताच उठावे हे बरे. उठताना तो खेकसला, तर त्याचे मन कामात नव्हते, कामाच्या सुखात होते. आणि आसक्तीतून इच्छा व इच्छेतून क्रोध कसा उपजतो, ते त्याच अध्यायात बारा श्लोक पुढे सांगितलेले आहे.