अपरिग्रह आणि दहा इंची पडदा
मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक टाइप वाचवत नाही, म्हणून स्वस्तातलं वाचनयंत्र शोधू लागले. पण गांधी-विनोबांच्या सेवाग्राम, पवनारच्या शेजारी राहताना हा प्रश्न नुसता पैशांचा राहत नाही. गरजेपलीकडे साठवू नये हाच अपरिग्रह, मग आणखी एक यंत्र कशाला?

यंत्रांच्या हव्यासाला विरोध करतानाही गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे कष्ट वाचावेत ही सिंगरची माया त्यांना त्यामागे दिसली. माझीही कसोटी तीच: यंत्र गरज भागवतं की हाव लावतं? ई-इंकचं सहा इंची यंत्र इथे उत्तम उतरतं. पान स्थिर असताना वीज जवळपास लागत नाही, मध्येच काही खुणावत नाही. पण जुनी मराठी पुस्तकं बरीचशी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळतात. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. पान सरकवत वाचलेल्या विनोबांच्या ‘गीता प्रवचने’त चित्त कसं लागणार?

म्हणून भाच्याचा पडून असलेला दहा इंची टॅब मागून घेतला. सिम काढलं, वाचनाचं ॲप तेवढं ठेवलं, उजेड मंद केला. मात्र हजार पुस्तकं भरून ठेवणं हाही परिग्रहच, कपाट लागत नसलं तरी. हातातलं संपल्याशिवाय दुसरं उतरवत नाही.