कुळाचा अभिमान आणि कुळाचा दोष

अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आम्हा मराठी घराण्यांना कुळाचा अभिमान अंमळ अधिकच. धारचे पवार आपला वंश भोजराजाच्या परमार कुळाशी जोडतात. आम्ही निदान कोकणातल्या वा देशावरच्या मूळ गावाशी तरी जोडतो. त्यात वावगे काही नाही. परंतु घरात एखादे मूल बुद्धीने मागे राहिले, की हाच अभिमान उलटतो आणि दोष सुनेच्या माहेरावर जातो. हा न्याय म्हणावा काय?

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची पोथी एकच असते. तरी मेंदूची पेशी निराळी, यकृताची निराळी. कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, हे डीएनए-आरएनएला चिकटणारी प्रथिने ठरवतात. देवासकरांना याचे नवल वाटू नये. १९४८ पर्यंत त्यांच्या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन कारभार नांदत होते.

यांपैकी एमईसीपी-२ हे प्रथिन डीएनएला चिकटते. त्याच्या जनुकातील बिघाडामुळे रेट विकार होतो, हे १९९९ साली हुदा झोग्बी यांच्या चमूने दाखविले. यात चांगली वाढणारी मुलगी दीड वर्षाच्या आतबाहेर बोलणे आणि हातांचा वापर गमावू लागते. हा बिघाड बहुधा वंशातून येतच नाही. तो नव्याने घडतो, आणि तोही बहुतेक वेळा पित्याच्या बीजात. बोल मात्र आईला!

कोणी म्हणेल, सर्वच विकार असे नसतात. खरे आहे. आरएनएला चिकटणारे एफएमआरपी हे प्रथिन नसल्याने होणारा फ्रॅजाइल एक्स विकार घराण्यातूनच येतो, आणि पुष्कळदा धडधाकट आईकडून. पण तिला तो वारसा कधी तिच्या वडिलांकडून, तर कधी आईकडून मिळालेला असतो; तिने तो निवडलेला नसतो. जे निवडले नाही त्याचे कारण सांगता येते, अपराध नव्हे. आमच्या मते हा भेद विसरणे हाच खरा अपराध.

२००७ साली एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेत रेटग्रस्त उंदरांमध्ये ते जनुक पुन्हा चालू करताच बरीचशी लक्षणे मागे हटली. माणसांत हे अद्याप साधलेले नाही. परंतु पान मिटलेले होते, जळलेले नव्हते, एवढे तरी कळले.

तेव्हा तपासणी अवश्य करावी. ती पुढच्या अपत्याचा विचार करण्यासाठी, सुनेला आरोपी ठरविण्यासाठी नव्हे. भोजराजाचे पुण्य आपल्या खाती लिहून घेणाऱ्यांनी मुलाचे दुखणे दुसऱ्याच्या खाती मांडू नये.