कोणत्या हातातून?

कापूस वेचणीचे दिवस होते. जवळच्या खेड्यातली एक बाई उलट्या-जुलाबांनी गळून हिंगणघाटच्या एका दवाखान्यात दाखल झाली. पहिल्या दिवसाच्या तपासणीत साखर 96, पोटॅशियम 4.1, सोडियम 137, हिमोग्लोबिन 9.8. हिमोग्लोबिन कमीच, पण रानात राबणाऱ्या बायांचं ते असंच असायचं म्हणून आपण सोडून देतो. खरं तर त्या आकड्याची चीड यायला हवी. सलाईन लागलं, उलट्या थांबल्या, बाईला थोडी हुशारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त गेलं आणि मशीनवर साखरेचा आकडा आला 704.

असा आकडा दाबून ठेवायचा नसतो. लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनने तो लगेच वॉर्डात फोनवर कळवला, पण रिपोर्टवर सही केली नाही. "सर, आकडा मला पटत नाही. पाच मिनिटं द्या, मी वर येतो," एवढं सांगून ठेवलं. वॉर्डात मात्र धावपळ उडाली. तरुण डॉक्टरांनी इन्सुलिन काढून ठेवायला सांगितलं. सेवाग्रामला हलवायची भाषा सुरू झाली. बाईचा मुलगा भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मायले शुगर कधीच नोती जी."

खाली टेक्निशियनने कालचं रजिस्टर उघडलं. साखर सातपट, हिमोग्लोबिन 8.9, पोटॅशियम 3.6. सलाईनने रक्त थोडं पातळ होतंच, त्यात नवल नाही. अडलं ते सोडियमपाशी. साखर खरोखर सातशेवर गेली, तर ती पेशींमधलं पाणी रक्तात ओढून घेते आणि सोडियम बहुधा खाली उतरतं. इथे ते 139 होतं, कालच्याहून किंचित वरच.

तो जिना चढून वॉर्डात गेला. बाई उशीला टेकून चहा मागत होती. उजव्या हाताला डेक्स्ट्रोज-सलाईनची बाटली चालू होती. डाव्या मनगटाजवळ आदल्या दिवशीची सुई बिघडून हात सुजला होता.

त्याने सिस्टरला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता विचारलं, "सिस्टर, सकाळी रक्त कोणत्या हातातून काढलं?"

सिस्टर नवी होती, रात्रपाळी संपवत होती. क्षणभर थांबून तिने सांगितलं, "उजव्या. डावा सुजलेला होता. सलाईन बंद नाही केलं, वरच्या शिरेतून घेतलं."

या गोष्टीतली सर्वांत मोलाची जागा मला ही वाटते. प्रश्न ओरडून आला असता, सगळ्या वॉर्डासमोर आला असता, तर त्या पोरीच्या तोंडून "डाव्या" असं निघायला वेळ लागला नसता. मग इन्सुलिन टोचलं गेलं असतं. साखर मुळात शंभराच्या आत-बाहेर असलेल्या बाईला ते दिलं, तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो, कधी दगावतोही.

टेक्निशियनने डॉक्टरांना हिशेब मांडून दाखवला. या बाटलीत 5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे 100 मिलीत 5000 मिलीग्रॅम साखर. माणसाच्या रक्तात तेवढ्याच मापात शंभराच्या आसपास असते. नळीत बाटलीतले थोडे थेंब मिसळले तरी आकडा शेकड्यांनी चढतो. बाटलीत पोटॅशियम नाही, म्हणून ते उतरलं. मीठ आहे, म्हणून सोडियम हललं नाही. मशीनने नळीत होतं तेच मोजलं होतं.

डाव्या हाताचं बोट टोचून ग्लुकोमीटर लावला: 108. मग सुजेच्या वर, कोपराजवळ शीर शोधून नवा नमुना घेतला. साखर 104, पोटॅशियम 4.0. डॉक्टरांनी इन्सुलिन परत ठेवायला लावलं आणि सिस्टरला म्हणाले, "खरं सांगितलंत, बरं केलंत." बाईला चहा मिळाला. चौथ्या दिवशी ती घरी गेली.

असं जगभर घडतं. इटलीतल्या पादुआच्या रुग्णालयाच्या तातडीच्या लॅबमधला अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. 40,490 तपासण्यांमध्ये 189 चुका सापडल्या आणि त्यातल्या 68 टक्के नमुना मशीनवर चढण्याआधीच्या होत्या. महागडं मशीन आणून या चुका जात नाहीत. त्या खाटेजवळ घडतात आणि खाटेजवळ जाऊनच पकडता येतात. एकेका सिस्टरवर सगळा वॉर्ड सोपवून वर तिलाच दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

त्या दवाखान्यात नंतर रक्ताच्या चिठ्ठीवर एक रकाना वाढला: सलाईन कोणत्या हाताला, रक्त कोणत्या हातातून.

तुमचं माणूस दवाखान्यात असेल, सलाईन चालू असेल आणि कुणी रक्त काढायला आलं, तर त्याचा दुसरा हात पुढे करा. तो हात वापरता येत नसेल, तर सिस्टरना तसं सांगा. सलाईन काही मिनिटं थांबवून सुईच्या खालच्या बाजूने रक्त घेता येतं. हे विचारायला संकोच करू नका.