पाळणे म्हणजे काय?

मुसलमानाच्या घरात मांजर असते आणि कुत्रे नसते, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की त्यावर विचार करण्यासारखे काही उरलेच नाही असे वाटते. मांजर पाक, कुत्रे नापाक, विषय संपला. मला मात्र वाटते की खरा विषय इथूनच सुरू होतो. पाक-नापाकचा निर्णय भांड्याचा, कपड्याचा, नमाजच्या जागेचा असतो. त्या मुक्या जिवाशी आपण कसे वागावे, हा प्रश्न त्या निर्णयाने सुटत नाही. हे मला कोणा ग्रंथाआधी आमच्या दादीने शिकवले. एकदा बरोबर वागून आणि एकदा चुकून.

आमचे घर दाभोळच्या खाडीकाठी. दादीच्या पायात सदैव एखादे मांजर घोटाळत असायचे. वुजूच्या पाण्याला त्याने तोंड लावले तरी ती ते पाणी ओतून देत नसे. आम्ही विचारले की सहाबी अबू कतादा यांची गोष्ट सांगे. त्यांच्या वुजूच्या भांड्याजवळ मांजर आले, तेव्हा त्याला नीट पिता यावे म्हणून त्यांनी भांडे तिरके धरले. सून आश्चर्याने पाहू लागली, तेव्हा त्यांनी तिला पैगंबरांचे (स.) सांगणे ऐकवले की मांजर नापाक नाही, ते तर तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकीच एक आहे. दादीला ही गोष्ट फार प्रिय होती.

पण आमची मनी वर्षातून दोन-तीन वेळा व्यायची. एका हिवाळ्यात घरात एकदम पाच पिल्ले झाली. मासे कमी, तोंडे फार. दादीने मला पोते दिले आणि खाडीपलीकडच्या मासळीबाजारात पिल्ले सोडून यायला सांगितले. मी बारा वर्षांचा होतो. होडीत पोते माझ्या मांडीवर होते आणि आतून हालचाल जाणवत होती. बाजारात पोते उघडले आणि मागे न बघता पळत होडीवर आलो. मासळीबाजारात काय, पोट भरेल त्यांचे, असे सगळेच म्हणत होते. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री मनी ओट्यावरून परसात, परसातून माळ्यावर ओरडत फिरत होती. दादी जागीच होती. ती काही बोलली नाही, पण अबू कतादांची गोष्ट नंतर तिने फारशी सांगितली नाही.

दुसरी आठवण मोत्याची. मोत्या आमचा होता असे कोणी म्हणत नसे. उंबऱ्याबाहेर त्याची जागा, शिळी भाकरी त्याचे अन्न, आणि रात्री आंब्याच्या बागेची राखण त्याचे काम. एका पावसाळ्यात त्याच्या मानेला जखम झाली आणि तिच्यात किडे पडले. जनावर ओले, जखम वाहती. आम्ही शाफई, कोकणातले बहुतेक मुसलमान शाफईच. आमच्या फिक्हमध्ये सगळे कुत्रेच नापाक, तेव्हा ओल्या कुत्र्याला हात कोण लावणार? दोन दिवस घरातले सगळे लांबून हळहळत राहिले. तिसऱ्या दिवशी दादीने पदर खोचला, मोत्याला खांबाला बांधायला लावले, टर्पेंटाइनचा बोळा जखमेत धरला आणि चिमट्याने एकेक किडा काढला. मग विहिरीवर जाऊन तिने हात सात वेळा धुतले, त्यातले एकदा माती लावून. कपडे बदलले आणि असरच्या नमाजला उभी राहिली. मोत्या पुढे चार वर्षे जगला.

या दोन आठवणी मी अनेक वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहतो आहे. जो प्राणी पाक होता, त्याच्याशी आम्ही निर्दयपणे वागलो. जो नापाक होता, त्याच्यावर दया झाली, तीही एकही नियम न मोडता. सात वेळा धुण्याचा नियम दादीच्या आड आला नाही. उलट, धुण्याची रीत सांगितलेली आहे याचाच अर्थ हात कधीतरी खराब होणार, हे शरीअतने धरलेले आहे. तो नियम हात धुवायला सांगतो, दगड मारायला सांगत नाही.

कुत्र्याबाबत आपल्या परंपरेत एकच सूर आहे असेही नाही. हनफी मतानुसार त्याची लाळ नापाक, मालिकी मतानुसार जिवंत कुत्रे पाक. मदिनेत एकदा कुत्री मारण्याचा हुकूम झाला आणि पुढे तो मागे घेतला गेला, हेही हदीसमध्ये आहे. शिकार, गुरे आणि शेती यांच्या राखणीखेरीज कुत्रे ठेवल्यास रोजचा सवाब घटतो, असे सांगितले आहे. हे सांगणे मी मानतो, म्हणून हौसेखातर घरात कुत्रे आणा असे कोणाला म्हणणार नाही. पण सूरे माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी कुत्र्याने आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. आणि सूरे कहफमध्ये गुहेतल्या त्या झोपलेल्या श्रद्धावंतांबरोबर त्यांचे कुत्रेही आहे, उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेले. त्यांची मोजदाद करताना लोक कुत्र्यालाही मोजतात. ते आत आले नाही, पण सोबतीतून वगळलेही गेले नाही. मोत्याची जागा मला तिथे दिसते.

आता बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या दोन प्रसिद्ध हदीस आठवा. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या मोज्यातून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली. मांजराला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली. त्या स्त्रीचा गुन्हा नेमका कोणता? तिने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. म्हणजे ज्या क्षणी आपण दार लावतो, त्या क्षणी त्या जिवाच्या रोजीची जबाबदारी आपल्यावर येते. मराठीत आपण जनावर पाळतो आणि शब्दही पाळतो, रोजाही पाळतो. तिन्हीकडे क्रियापद एकच आहे, आणि मध्येच सोडून देणे तिन्हीकडे वाईट.

आज आपली पुष्कळ कुटुंबे फ्लॅटमध्ये राहतात. दार कायमचे बंद असते. मुलांच्या हट्टासाठी हजारो रुपये देऊन पर्शियन मांजर आणले जाते, आणि 'मांजर पाळणे सुन्नत आहे' असे वर सांगितले जाते. त्या लांब केसांना रोज विंचरावे लागते, चपट्या नाकामुळे त्याचे डोळे गळतात, श्वास अडतो. ते दूध-चपातीवर जगत नाही, मांजर हा मांसाहारी जीव आहे आणि मोठ्या मांजरांना दूध पुष्कळदा पचतही नाही. रेबीजची लस मांजरालाही द्यावी लागते. सुट्टीत गावी निघताना ते कोणाकडे राहणार, हे आणण्याआधी ठरवावे लागते. एवढी तयारी नसेल तर सुन्नतचे नाव घेऊ नये.

आणि पिल्लांचे काय? मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. यावर उपाय नसबंदीचा. शाफई ग्रंथांत, ज्यांचे मांस खाल्ले जात नाही अशा प्राण्यांचे खच्चीकरण निषिद्ध मानले आहे. हनफींनी फायदा असेल तर मुभा दिली आहे, आणि आजचे अनेक आलिमही हानी टाळण्यासाठी ती देतात. माझ्या मुलीने जिन्याखालचे एक मांजर घरात घेतले तेव्हा हा प्रश्न माझ्या दारात आला. अल्लाहच्या निर्मितीत आपण हात घालावा का, ही शंका मला क्षुल्लक वाटत नाही. पण माझ्या मांडीवर ते पोते अजून हलते आहे. भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया आणि दर वर्षी भरलेले एक पोते, या दोहोंत मी शस्त्रक्रिया निवडली. निर्णय चुकला असेल तर त्याचा जाब मी देईन. पोत्याचा जाब तर द्यायचाच आहे.

दादीने मनीच्या तीन रात्रींबद्दल काय दुआ मागितली असेल, मला माहीत नाही. मोत्याची जखम धुणारे तिचे हात मात्र मी पाहिले आहेत. त्या हातांनी तिचा हिशेब बरोबरीत आणला असेल, अशी आशा मी ठेवतो. ज्याला आपण रब्ब म्हणतो, त्या नावातच पालनकर्ता आहे.