पुरूचे दान कोणाचे?

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी चार वाजता सेवानिवृत्तांची एक बैठक भरते. महिन्याला एक पुस्तक सर्वांनी वाचायचे आणि मग शनिवारमागून शनिवार त्याचा काथ्याकूट करायचा, असा तिचा शिरस्ता आहे. मी अजून निवृत्त झालेलो नाही. परंतु शाळामास्तर आणि दोन-चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस म्हणून मला तेथे मुभा आहे. शिवाय वडिलांना हाताला धरून नेण्या-आणण्याचे कामही माझ्याकडेच असते. ही मंडळी पुस्तकावर बोलू लागली की वाड्याची वाटणी चालली आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे, इतक्या तावातावाने बोलतात.

गेल्या श्रावणात पुस्तक होते वि. स. खांडेकरांचे 'ययाति'. ही कादंबरी १९५९ सालची. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे ज्ञानपीठही मिळाले. आम्हां तळकोकणच्या लोकांना तिच्याविषयी एक जास्तीचा आपलेपणा आहे. कारण खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते.

ययातीची कथा सर्वांना ठाऊक असते. शुक्राचार्यांच्या शापाने त्याला अकाली वार्धक्य आले. कोणी आपले तारुण्य देऊन ते वार्धक्य पत्करील, तरच सुटका. महाभारतात तो आपल्या पाचही मुलांपुढे हात पसरतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. धाकटा पुरू तेवढा हो म्हणतो.

पहिला शनिवार ययातीला नावे ठेवण्यात गेला. ते सोपे होते. ययाती आपल्या घरचा आहे, असे कोणालाच वाटत नव्हते. दुसऱ्या शनिवारी पुरूची स्तुती सुरू झाली. माझे वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. ते म्हणाले, "असा मुलगा नशिबानं मिळतो." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. इतरांनीही माना डोलावल्या. नऊ वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मुंबईच्या शाळेतली चालून आलेली जागा मी सोडली, हे गावात सर्वांना माहीत आहे. मी मान खाली घातली. पण खोटे कशाला बोलू? मला मनातून बरे वाटले.

कोर्टात शिरस्तेदार असलेले एक गृहस्थ तेवढ्यात म्हणाले, "नाही म्हणणाऱ्या यदूच्याच कुळात पुढे श्रीकृष्ण जन्मला, हे विसरू नका. नकार हे पाप असतं, तर देवानं ते घर निवडलं असतं का?" यावर बराच गलबला झाला. तो शमल्यावर, सरकारी इस्पितळात तीस वर्षे परिचारिका असलेल्या बाईंनी विचारले, "मास्तर, पुरूचं लग्न झालं होतं का हो?"

मी मास्तरी थाटात सांगितले की, महाभारताच्या त्या आख्यानात पुरूची बायको कोठे बोलताना दिसत नाही. पण गिरीश कार्नाडांनी १९६१ सालच्या आपल्या कन्नड नाटकात नेमके तिलाच बोलते केले आहे. तिचे नाव चित्रलेखा. ती सासऱ्याला जाब विचारते आणि अखेर जीव देते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे तारुण्य दोघांचं, आणि सही एकाची."

माझे बरे वाटणे तेथेच संपले.

दान स्वतःच्या वस्तूचे करावे, हे आपण मुलांना शिकवतो. सामाईक सातबाऱ्यावरची जमीन एकट्याच्या सहीने देता येत नाही, हे खेड्यातल्या कोणालाही कळते. पण माणसाचे आयुष्य हाही सामाईकच सातबारा असतो, हे त्याग करताना ध्यानात राहत नाही. मी मुंबईची जागा सोडली, हे खरे. आईला चार वर्षे न्हाऊ-माखू घातले, कूस बदलून दिली, रात्री-अपरात्री उठून पाणी पाजले, ते मात्र माझ्या पत्नीने. त्यासाठी तिने ओटीवर भरणारी आपली बालवाडी बंद केली. त्याच चार वर्षांत माझ्या दोन कादंबऱ्या लिहून झाल्या. पहिली मी आईला अर्पण केली आहे.

कोणी म्हणेल, असा हिशेब मांडत बसले तर जगात कोणी कोणाला काही देणारच नाही. अंथरुणावरचे माणूस घरातल्या सर्वांची संमती होईपर्यंत थांबत नाही. हे मला मान्य आहे. आईला टाकून जायला हवे होते, असे मला आजही वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच की, देणे योग्य असले म्हणून ते आपल्या एकट्याचे होत नाही. ज्याच्या वाट्यातून ते गेले, त्याला आधी विचारावे. विचारायला सवड नसेल, तर निदान मागाहून श्रेय तरी आपल्या नावावर मांडू नये. आणि घेणाऱ्यानेही, देणारा हो म्हणाला एवढ्यावर समाधान मानू नये. त्याच्यामागे दाराआड कोण उभे आहे, ते पाहावे.

परतताना वडील बराच वेळ गप्प होते. तिठ्यापाशी थांबून म्हणाले, "बाईंनी ते माझ्याकडे बघून विचारलं का रे?"

"नाही नाना, माझ्याकडे बघून."

"मला तर माझ्याकडे वाटलं," ते म्हणाले.

रात्री मी पत्नीला म्हटले, "बालवाडी बंद करताना मी तुला विचारलं नव्हतं." ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिने विचारले, "आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. विचारले असते तर ती हो म्हणाली असती, अशी माझी खात्री होती. आणि त्या खात्रीवरच तर मी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नाना तिला म्हणाले, "शनिवारी तूही चल." ती म्हणाली, "पुस्तक वाचल्याशिवाय येऊन काय बोलू?" त्या आठवड्यात संध्याकाळचा भात मी लावला. तिची निम्मी कादंबरी वाचून झाली.